रेग्युलेटर सरकवूनही पॉकेट घड्याळ पुन्हा पुढे का जातं?

"भाऊ, महिना नाही झाला नेऊन, परत पंचवीस मिनिटं पुढे." देवळाली कॅम्पातले एक काका नाशिकच्या रविवार कारंज्याजवळच्या आमच्या दुकानात तेच घड्याळ घेऊन तिसऱ्यांदा आले, तेव्हा मला त्यांच्याकडे बघवेना. घड्याळ त्यांच्या आजोबांचं. आजोबा जीआयपी रेल्वेत इगतपुरीला गार्ड होते. चांदीची केस, पांढरी इनॅमलची डायल, स्विस मशीन. डायलला एक बारीक केसासारखी चीर आहे, बाकी घड्याळ शंभरीच्या मानाने ठणठणीत. पहिल्या वेळी मी ते पूर्ण खोलून साफ केलं, तेल दिलं आणि रेग्युलेटरची दांडी सरकवून वेळ जुळवून दिली. दुसऱ्या वेळी फक्त दांडी सरकवली. आणि आता हे तिसऱ्यांदा.

जुन्या पॉकेट घड्याळांची ही तक्रार मला वर्षभर येते. लोक घरीही खटपट करून बघतात: मागचं झाकण उघडायचं, दांडी इकडची तिकडे करायची, चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. म्हणून हे सविस्तर लिहितोय. दांडी ही अगदी शेवटचे काही सेकंद जुळवण्यासाठी असते. तिच्याकडून आजार झाकून घ्यायला गेलं की तक्रार परत येते, आणि दर वेळी कारण शोधणं थोडं आणखी अवघड होऊन बसतं.

आधी ही दांडी करते काय ते बघू. मागचं झाकण उघडलं की बहुतेक घड्याळांत आत आणखी एक पातळ झाकण असतं. तेही उघडलं की मागेपुढे झुलणारं चाक दिसतं, तो बॅलन्स. त्याच्या खाली किंवा वर केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिला आम्ही बालकमान म्हणतो. तिचं आतलं टोक बॅलन्सच्या दांड्याला अडकवलेलं आणि बाहेरचं टोक ब्रिजवरच्या, म्हणजे बॅलन्सला वरून धरणाऱ्या पट्टीवरच्या खुंटीत पक्कं केलेलं. खुंटीच्या थोडं अलीकडे दोन बारीक पिना कमानीच्या बाहेरच्या वेढ्याला दोन्ही बाजूंनी धरून उभ्या असतात. या पिना रेग्युलेटरच्या दांडीला खालून बसवलेल्या असतात. दांडी सरकली की पिना वेढ्यावरून सरकतात. पिनांपासून आतपर्यंतची कमान काम करते, पिना ते खुंटी हा तुकडा जवळजवळ रिकामा राहतो. कामाची लांबी कमी झाली की कमान ताठ होते आणि घड्याळ पुढे जातं. लांबी वाढली की मागे पडतं.

किती फरकाने किती? झोक्याचा वेळ कमानीच्या लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. दिवसात ८६,४०० सेकंद. समजा कमानीची कामाची लांबी २० सेंटीमीटर आहे आणि तुम्हाला दिवसाला १० सेकंद कमी करायचे आहेत, तर पिना जेमतेम ०.०५ मिलिमीटर सरकायला हव्यात. म्हणजे डोक्याच्या बारीक केसाएवढ्या. दांडीचं बाहेरचं टोक केंद्रापासून पिनांपेक्षा लांब असतं, त्यामुळे तिथे ते थोडं जास्त सरकल्यासारखं दिसतं. पण नखाने ढकललेली दांडी एका झटक्यात दोन-तीन मिनिटांचा फरक का करते, ते यावरून कळावं.

अक्षरांचा घोटाळाही इथेच निस्तरून टाकू. इंग्लिश आणि अमेरिकन घड्याळांवर एफ आणि एस असतं, म्हणजे फास्ट आणि स्लो. स्विस आणि फ्रेंच घड्याळांवर ए आणि आर, आव्हान्स आणि रेटार, म्हणजे पुढे आणि मागे. घड्याळ पुढे जात असेल तर दांडी एस किंवा आर कडे न्यायची. कित्येक जण "घड्याळ फास्ट आहे म्हणून फास्टकडे" असं उलट करून येतात. काकांच्या मुलानेही मधे एकदा तेच केलं होतं.

आता दांडीला हात लावण्याआधी एक काम करा. पानभर कागद घ्या आणि चार दिवस फक्त लिहा. रोज सकाळी एकाच वेळी चावी द्या, शेवटपर्यंत द्या, आणि मोबाइलच्या सेकंदाच्या घड्याळाशी लावून किती पुढे किंवा मागे ते नोंदवा. पहिले दोन दिवस घड्याळ साखळीने खिळ्याला टांगलेलं ठेवा, पुढचे दोन दिवस डायल वर करून आडवं. चार दिवस काट्यांना हात लावायचा नाही. दांडीचा मोबाइलवर जवळून एक फोटो काढून ठेवा, तो पुढे उपयोगी पडेल. हा कागद घेऊन कुठल्याही घड्याळजीकडे गेलात तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

कागदावरचा आकडा दिवसाला दहा मिनिटं, अर्धा तास, कधी तासभर पुढे असा आला तर रेग्युलेटरचा विचार सोडून द्या. दांडीची सगळी चाल मिळूनसुद्धा काही मिनिटांचाच फरक पडतो. एवढं घोडं पुढे धावतंय म्हणजे कमानीचे वेढे एकमेकांना चिकटलेत किंवा अडकलेत, आणि कमान तेवढी आखूड झाली आहे. कारणं तीन. घड्याळ पडलं किंवा जोरात हिसका बसला की बाहेरचा वेढा खुंटीला किंवा पिनांच्या वर अडकतो. हे भिंगातून लगेच दिसतं, आणि नाजूक हाताने सोडवता येतं. दुसरं, तेल. घरी शिलाई मशीनचं तेल थेंबभर सोडलेली घड्याळं माझ्याकडे येतात. ते तेल पसरत पसरत कमानीवर जातं, वेढे दोन-दोन तीन-तीन चिकटून बसतात. मग कमान काढून धुण्यावाचून इलाज नाही. तिसरं कारण हल्ली सगळ्यांत जास्त दिसतं, ते म्हणजे चुंबक. मोबाइलच्या कव्हरला चुंबक, पाकिटाला चुंबक, स्पीकरला चुंबक, आणि आजोबांचं घड्याळ त्याच खणात. होकायंत्राची छोटी सुई चालू बॅलन्सच्या वर धरा. बॅलन्सच्या तालात सुई थरथरली तर पोलादी भागांत चुंबक शिरला आहे. डिमॅग्नेटायझरवर धरून तो दोन मिनिटांत जातो. असं घड्याळ दांडी सरकवून "जुळवलं" आणि नंतर चुंबक निघाला, की ते धडाधड मागे पडायला लागतं. मग ग्राहक म्हणतो, यांनी बिघडवलं.

उलट बाजूही आहे. दांडी दर वर्षी थोडी थोडी फास्टकडे न्यावी लागते आणि तरी घड्याळ मागेच पडतं, असं असेल तर कमानीवर गंज बघा. निळ्या कमानीवर तांबूस ठिपके दिसतील. गंजाने पाती झिजून कमान मऊ होते. गोदाकाठच्या जुन्या वाड्यांतल्या कपाटांतून निघालेल्या घड्याळांत हे फार. तिथे पूर किती चढला ते नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात, आणि पाणी ओसरलं तरी भिंतींतली ओल दसऱ्यापर्यंत हटत नाही. गंजलेली कमान बदलावी लागते, दांडीने ती बरी होत नाही.

घड्याळ रोज साधारण सारखंच, एक-दोन मिनिटं पुढे किंवा मागे, आणि टांगलेलं असो की आडवं आकडा जवळपास तोच, अशी नोंद आली तर ती चांगली बातमी. अशा वेळी दांडी खुशाल सरकवा. पोलादी चिमटा घेऊ नका, तो घसरला की थेट कमानीत जातो. शिकताना माझ्या हातून तसं झालं होतं. चांगली सपाट कमान एका क्षणात वाटीसारखी झाली आणि ती सरळ करायला वडिलांना अख्खी दुपार लागली. टूथपिक किंवा बांबूची बारीक काडी घ्या, दांडीच्या टोकाला लावा आणि दिसेल न दिसेल एवढंच ढकला. मग चोवीस तास थांबा. एका तासाने बघून पुन्हा सरकवायची घाई झाली की आठवडाभर गोल गोल फिरत राहाल.

रेग्युलेटरचे प्रकार ओळखता आले पाहिजेत, कारण प्रत्येकाला हात लावायची रीत वेगळी.

सगळ्यांत जुनी म्हणजे साखळी-शंकूची व्हर्ज घड्याळं (व्हर्ज म्हणजे बॅलन्सला झोका देणारी जुनी रचना), जाडजूड, कांद्याच्या आकाराची. त्यांच्यात बहुधा दांडीच नसते. बॅलन्सच्या शेजारी आकडे कोरलेली चांदीची छोटी चकती असते, मधोमध चौकोनी खुंट. चावी लावून चकती फिरवली की आतलं दातेरी चाक एक दातेरी पट्टी सरकवतं आणि पट्टीवरच्या पिना कमानीवरून सरकतात. याला टॉम्पियन पद्धत म्हणतात, लंडनच्या थॉमस टॉम्पियनच्या नावावरून. चकतीवरच्या आकड्यांना मिनिटांचा किंवा सेकंदांचा अर्थ नाही, ती फक्त खूण आहे. कुठल्या बाजूला फिरवल्यावर काय होतं ते एकदा लिहून ठेवा. व्हर्ज घड्याळाने दिवसाला दोन-चार मिनिटं इकडेतिकडे केली तर मी ते तंदुरुस्त समजतो. तिथे रेग्युलेटरशी झगडू नये, घड्याळावर अन्याय होतो.

१७५५ साली लंडनच्या जोसेफ बॉस्लीने ती चाकं काढून टाकून नुसत्या दांडीचं पेटंट घेतलं. आज बहुतेक घड्याळांत दिसते ती साधी दांडी त्याच वंशातली. बॅलन्सच्या वरच्या खड्याभोवती तिचं कडं घट्ट बसलेलं असतं आणि केवळ घर्षणावर ती जागेवर राहते. इथेच दुखणं सुरू होतं. कडं फाकलं किंवा सैल झालं तर दांडी स्कूटरच्या हादऱ्यांनीसुद्धा सरकते. म्हणून तो फोटो. आठवड्याने दुसरा फोटो काढून शेजारी ठेवा. खुणेवरून दांडी हललेली दिसली तर कडं आवळून घ्या, बाकी काही बिघडलेलं नाही.

तिसरा प्रकार स्क्रूचा. हंसाच्या मानेसारखी वाकवलेली स्प्रिंग दांडीला एका बाजूने दाबते आणि दुसऱ्या बाजूने बारीक आट्यांचा स्क्रू. स्क्रू थोडासा फिरवला की दांडी मोजून मापून सरकते. अमेरिकन कारखान्यांनी याचे नाना नमुने काढले. काहींत हंसाची मान, काहींत दातेरी चाक, काहींत नुसती आडवी स्प्रिंग. याचं कारण रेल्वे. १८९१ च्या एप्रिलमध्ये ओहायोत किप्टनला दोन गाड्यांची टक्कर झाली आणि त्यानंतर वेब बॉल या घड्याळवाल्यावर रेल्वेच्या घड्याळांची तपासणी सोपवली गेली. पुढे ठरलेल्या नियमांत आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको, आडवं, उभं अशा पाच स्थितींत जुळवलेलं हवं, आणि असा स्क्रूचा रेग्युलेटर हवा, हे होतं. आपल्या थळ घाटात चढावाला मागून इंजिन लावणाऱ्या माणसांच्या खिशातही घड्याळ असायचंच, म्हणून मला हा इतिहास परका वाटत नाही. या प्रकारात एकच खोड दिसते. स्प्रिंग मवाळ झाली असेल तर स्क्रू मागे घेतल्यावर दांडी त्याच्या मागोमाग येत नाही, जागीच राहते, आणि दोन दिवसांनी एखाद्या हादऱ्याने अचानक येते. तुम्हाला वाटतं घड्याळ लहरी आहे. उपाय सोपा: थोडं जास्त मागे घ्यायचं आणि शेवटची जुळवणी नेहमी स्क्रू आत ढकलत करायची.

आणि काही उंची घड्याळांत दांडी नसतेच. तिथे बॅलन्सच्या कडेवरचे स्क्रू आत-बाहेर करून वेळ जुळवतात. दांडी सापडत नाही म्हणून त्या स्क्रूंना हात लावू नका.

आता काकांच्या घड्याळाकडे. यात दांडीही ठीक होती, कमानही स्वच्छ, चुंबक नाही. कागद लिहिला असता तर पहिल्याच खेपेला कळलं असतं. मी दोन्ही वेळा घड्याळ माझ्या सवयीने खिळ्याला टांगून तपासलं होतं. टांगलेलं असताना ते दिवसाला ४ सेकंद पुढे, म्हणजे उत्तम. तिसऱ्या वेळी मी विचारलं, "काका, घरी ठेवता कुठे?" म्हणाले, "देवघराच्या फळीवर. रोज पूजेनंतर चावी देतो, काट्यांना हात लावत नाही." फळीवर, म्हणजे आडवं. मी आडवं ठेवून बघितलं: दिवसाला ५४ सेकंद पुढे. महिन्याला बरोबर पंचवीस-सत्तावीस मिनिटं. म्हणजे घड्याळ महिन्याने "परत" बिघडत नव्हतं, माझ्या दुकानातून बाहेर पडल्या दिवसापासून ते तसंच चालत होतं.

दुसरी खूण तर डोळ्यांसमोर होती आणि मी ती वाचली नव्हती. घड्याळ पुढे जातंय अशी तक्रार, आणि दांडी ए कडे, फास्टच्या बाजूला, जवळजवळ टोकाला! मीच ती पहिल्या खेपेला तिकडे नेली होती, कारण टांगल्यावर घड्याळ मागे पडत होतं. पुढे जाणारं घड्याळ आणि फास्टकडे झुकलेली दांडी, ही जोडी कधीही दिसली तर थांबा आणि पिना बघा.

डोळ्याला भिंग लावून मी पिनांमध्ये बघत बसलो. चांगल्या घड्याळात बॅलन्स झुलताना कमानीचा वेढा एकदा या पिनेला, एकदा त्या पिनेला हलकेच टेकतो, आणि मधली मोकळी जागा कमानीच्या पातीच्या जाडीहून जास्त नसते. इथे बाहेरची पीन बाहेर झुकलेली होती, आधी कधीतरी कुणीतरी वाकवलेली. वेढा त्या दोघींमध्ये ऐसपैस पोहत होता. आडव्या घड्याळात बॅलन्स मोकळा झुलतो, झोके मोठे होतात, तेव्हा वेढा पिनांना नीट टेकतो आणि कमान आखूड राहते. टांगल्यावर बॅलन्सच्या दांड्याच्या टोकांचं घर्षण वाढतं, झोके लहान होतात. मग वेढा बराच वेळ कुठल्याच पिनेला लागत नाही, कमान खुंटीपर्यंत लांब होते आणि घड्याळ मंदावतं. चावी उतरत आली की झोके लहान होऊन हेच होतं. म्हणून सकाळी पुढे आणि रात्री मागे अशी तक्रार असली तरी पहिला संशय फाकलेल्या पिनांवर घ्यावा.

मुख्य कमानीचा (चावी दिल्यावर गुंडाळली जाणाऱ्या स्प्रिंगचा) ताण सोडून चावी पूर्ण उतरवली, ब्रिज बॅलन्ससकट उचलला, आणि बारीक चिमट्याने ती पीन एका दाबात सरळ केली. घरी हे करू नका. पीन पितळेची असते, दोन-तीनदा मागेपुढे केली की तुटते. परत बसवल्यावर घड्याळ दोन्ही स्थितींत दीड मिनिटाच्या आसपास पुढे गेलं, आणि मला हेच हवं होतं. पिना आता कमानीला खऱ्या अर्थाने धरत होत्या. मग दांडी आर कडे आणत गेलो आणि ती आपसूक खुणांच्या मधोमध येऊन थांबली. टांगलेलं ३ सेकंद पुढे, आडवं ११ सेकंद पुढे.

ऋतूंचं राहिलं. तुमच्या घड्याळाचा बॅलन्स एकसंध पितळी असेल आणि कमान पोलादी, तर तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की घड्याळ दिवसाला साधारण ११ सेकंद मागे पडतं. थंडीत नाशिकच्या घरात २० अंश आणि मे महिन्यात ३२ अंश धरले तरी दोन मिनिटांहून जास्त फरक झाला. हा बिघाड नाही. होळीनंतर एकदा आणि दिवाळीनंतर एकदा दांडी थोडी सरकवायची, वर्षातून दोनदाच. बॅलन्सची कड दोन ठिकाणी कापलेली आणि बाहेर पितळ, आत पोलाद अशी असेल तर ती उष्णतेचा फरक स्वतः सांभाळते. पण नीट बघा. काही घड्याळांत कडेला स्क्रू लावून तसा देखावा केलेला असतो, काप मात्र नसतो. पुढे शार्ल एद्वार ग्योमने निकेलच्या मिश्रधातूंवर काम करून हा प्रश्न कमानीतच सोडवायची वाट दाखवली, त्याला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजोबांच्या काळातल्या बहुतेक घड्याळांत मात्र पोलादी कमानच सापडते.

काकांच्या घड्याळाचा बॅलन्स खरा कापलेला आहे. ते आता दर गुरुवारी वहीत आकडा लिहितात. परवा फोन आला: "आठवड्यात एक मिनिट आणि वीस सेकंद पुढे. दांडी हलवू का?" मी म्हटलं, नको काका, गुरुवारी काटे तेवढे मागे घ्या, दांडी आहे तिथेच राहू द्या.